सराव सामन्यांत या चुका टाळा, लीगचे पहिले सामने वाया जाणार नाहीत

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीला, हंगामापूर्वीच्या फुटबॉल सराव सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदने रिअल माद्रिदला ७-३ असं धुतलं. एकट्या दिएगो कोस्टाने चार गोल केले. वर्षभराने ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकली ती मात्र रिअलनेच. त्याच उन्हाळ्यातल्या सराव सामन्यांत लिव्हरपूल डॉर्टमुंडकडून हरलं, सेव्हियाकडून हरलं, नेपोलीने तर त्यांना ३-० ने लोळवलं. त्या हंगामात लिव्हरपूलने ९९ गुण मिळवले आणि तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली.

उलट उदाहरणही आहे. २०१४ मध्ये प्रशिक्षक लुई व्हान गालच्या मँचेस्टर युनायटेडने अमेरिकेच्या दौऱ्यात एलए गॅलेक्सीला ७-० आणि लिव्हरपूलला ३-१ हरवलं. सगळीकडे कौतुक झालं. मग प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर स्वान्सीने त्यांना २-१ ने हरवलं आणि दहा दिवसांनी तिसऱ्या श्रेणीतल्या एमके डॉन्सने लीग कपमध्ये ४-० ने घरी पाठवलं.

ही उदाहरणं ऐकून बरेच जण म्हणतात, "मग प्री-सीझनला, म्हणजे हंगामापूर्वीच्या या सामन्यांना, अर्थच काय? जाऊन खेळून यायचं." सगळ्या चुकांची सुरुवात इथून होते. अर्थ नसतो तो निकालाला. अर्ध्या वेळेला अकराच्या अकरा खेळाडू बदललेले असतात, दोन-दोन वेळच्या सरावाने पाय जड झालेले असतात, समोरचा संघ तयारीच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा सामन्याचा स्कोअर काय सांगणार? पण त्या नव्वद मिनिटांत आपला संघ काय करतो ते फार काही सांगून जातं, आणि लीग सुरू झाल्यावर ते शोधत बसायला वेळ मिळत नाही.

जिंकलो म्हणून खूश, हरलो म्हणून घाबरणं

आपल्याकडे हे ड्युरँड कपच्या बाबतीत दिसतं. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) संघ ही स्पर्धा हंगामापूर्वीची तयारी म्हणून खेळतात. २०२१ मध्ये एफसी गोवाने अंतिम सामन्यात मोहमेडनला हरवून ड्युरँड जिंकली. नोव्हेंबरात आयएसएल सुरू झाली तेव्हा गोव्याने पहिले तिन्ही सामने गमावले. डिसेंबरात प्रशिक्षक हुआन फेरांडो एटीके मोहन बागानकडे गेले आणि शेवटी गोवा नवव्या क्रमांकावर राहिला. पुढच्या वर्षी मुंबई सिटी ड्युरँडच्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून २-१ ने हरली. त्यानंतर आयएसएलमध्ये तोच संघ सलग १८ सामने अपराजित राहिला आणि त्याने लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल राहिल्याचा मान, पटकावली.

ड्युरँड ही १८८८ पासूनची स्पर्धा आहे, ती जिंकणं हा स्वतंत्र मान आहे आणि गोवेकरांचा आनंद शंभर टक्के खरा होता. चूक होते ती त्या करंडकावरून लीगचं भाकीत करण्यात. सराव सामना जिंकल्यावर प्रशिक्षकाने तोच संघ, तीच मांडणी डोळे मिटून पुढे नेली, किंवा हरल्यावर महिनाभर शिकवलेली पद्धत एका रात्रीत गुंडाळून ठेवली, तर दोन्हीकडे नुकसान सारखंच.

काय तपासायचं ते न ठरवता मैदानात उतरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

समजा तुम्ही ४-० ने जिंकलात. समोरचा संघ सगळा वेळ स्वतःच्याच अर्ध्या मैदानात बसून होता. तुमच्या सेंटर बॅकना (मधल्या बचावपटूंना) चेंडू पायात घेऊन इकडेतिकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. लीगमधला पहिला प्रतिस्पर्धी मात्र दोन फॉरवर्ड थेट तुमच्या बॅकच्या अंगावर सोडणारा आहे. मग या ४-० ने तुम्हाला काय सांगितलं? काहीच नाही. तुमच्या प्रश्नाला हात घालणारा प्रतिस्पर्धीच तुम्ही निवडला नव्हता.

प्रत्येक सराव सामन्याआधी प्रशिक्षकाने वहीत दोनच प्रश्न लिहावेत आणि ते खेळाडूंना सांगावेत. पहिल्या सामन्याला प्रश्न साधा: सगळ्यांचे पाय किती चालतात? दुसऱ्याला: गोलकीपरकडून सुरू केलेला खेळ दबावाखाली मधल्या फळीपर्यंत पोचतो का? तिसऱ्याला: कॉर्नर आला की कोण कुणाला धरतो, आणि दुसरा चेंडू, म्हणजे पहिल्या झटापटीतून सुटलेला, कुणाचा? सामना संपल्यावर चर्चा फक्त त्या दोन प्रश्नांची. बाकीचं दिसलेलं टिपून ठेवा, पण त्या दिवशी त्यावर बोलू नका. एका संध्याकाळी खेळाडूच्या डोक्यात दहा सूचना राहत नाहीत.

प्रश्नांप्रमाणे प्रतिस्पर्धी निवडा. आधी थोडा कमजोर, मग बरोबरीचा, मग आपल्याला घाम फोडणारा. सगळेच कमजोर निवडले तर उणिवा झाकलेल्या राहतात. पहिल्याच आठवड्यात बलाढ्य संघ बोलावला तर पोरांचा आत्मविश्वास जातो आणि बचावाशिवाय कशाचाच सराव होत नाही.

गॅलरीत किंवा गच्चीवर एक मोबाइल लावून सामना चित्रित करा. बचावफळीतली अंतरं बाजूच्या रेषेवरून दिसत नाहीत, उंचावरून लगेच दिसतात.

सत्तराव्या मिनिटाला संघ कोसळतो?

लीगच्या सुरुवातीला ही तक्रार हमखास येते आणि दोष "स्टॅमिना नाही" म्हणून खेळाडूंवर जातो. आधी सराव सामन्यांचा हिशेब काढा. प्रत्येक खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात किती मिनिटं खेळला? बहुतेक ठिकाणी असं निघतं की सात-आठ जण सगळे सामने पूर्ण खेळलेत आणि बाकीच्यांना शेवटची दहा मिनिटं मिळाली आहेत. पहिले थकून लीगमध्ये उतरतात, दुसरे कच्चे.

मिनिटं पायरीपायरीने वाढवा. पहिल्या सामन्यात दोन वेगळे संघ करून प्रत्येकाला ४५ मिनिटं. पुढे ६०, मग ७५, आणि लीगआधी एकदा तरी मुख्य अकरांना पूर्ण ९०. सराव सामना ४५-४५ चाच हवा असा नियम नाही. समोरच्या प्रशिक्षकाशी आधी बोलून २५-२५ मिनिटांचे चार भाग करा, हवे तितके बदल ठेवा.

धावण्याचाही विचार करा. मैदानाला संथ फेऱ्या मारून दम वाढतो, पण हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरते ती पूर्ण वेगाने पळताना. सरावात कधीच पूर्ण वेगाने न धावलेला विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) सामन्यात अचानक धावला की मांडी धरून खाली बसतो. आठवड्यातून दोनदा मोजक्या, पूर्ण वेगाच्या धावा आणि मध्ये भरपूर विश्रांती ठेवा. वॉर्म-अपला 'फिफा ११+' वापरा. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, आणि चेंडूखेरीज साहित्य जवळजवळ लागत नाही.

दुखापतीच्या भीतीने मुख्य खेळाडूंना बसवून ठेवणं

भीती खोटी नाही. रिअलचा मार्को असेन्सिओ २०१९ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सराव सामन्यात गुडघ्याला जबर दुखापत करून बसला आणि पुढच्या वर्षी जूनमध्येच परतला. ऑगस्ट २०२१ मध्ये लेस्टरच्या वेस्ली फोफानाचा पाय व्हियारिअलविरुद्धच्या फ्रेंडलीत मोडला, तोही मार्चपर्यंत बाहेर होता. तरीही मी म्हणेन, खेळवा. सामन्याची सवय नसलेलं शरीर थेट लीगच्या झुंजीत टाकणं हाही मोठाच धोका आहे.

धोका कमी करता येतो. रेफरी नीट ठेवा. बेंचवरचा कुणीतरी शिट्टी घेऊन उभा राहतो तेव्हा टॅकल हाताबाहेर जातात. कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब या पेठांच्या संघांमधली चुरस कुणाला सांगायला नको. कट्टर प्रतिस्पर्ध्याशी सराव सामना ठेवला की तो सराव राहतच नाही, पेठेच्या इज्जतीचा प्रश्न होतो. अशा लढती शाहू स्टेडियमसाठी राखून ठेवा आणि सरावाला बाहेरगावचा संघ बोलवा. लीगच्या तोंडावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा प्रदर्शनीय सामना आला तर नम्रपणे नाही म्हणा. रोख बक्षीस लावलं की पोरं जीव तोडून खेळतात आणि जायबंदी होतात.

मोठ्या क्लबांनाही पैशाचा मोह आवरत नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये मेस्सीचा अमेरिकन क्लब इंटर मायामी हंगामापूर्वी एल साल्वाडोर, डॅलस, रियाध, हाँगकाँग, टोकियो असा फिरला. हाँगकाँगला दुखापतीमुळे मेस्सी उतरला नाही, प्रेक्षक इतके चिडले की आयोजकांना तिकिटांचे अर्धे पैसे परत द्यावे लागले. इतक्या प्रवासात कसली तयारी होणार!

नव्या पोरांना शेवटची पाच मिनिटं

६ ऑगस्ट २००३. लिस्बनला स्पोर्टिंगच्या नव्या स्टेडियमच्या उद्घाटनाला मँचेस्टर युनायटेड फ्रेंडली खेळायला आलं आणि ३-१ ने हरलं. स्पोर्टिंगच्या अठरा वर्षांच्या विंगरने युनायटेडच्या बचावाला नुसतं नाचवलं. काही दिवसांतच तो पोरगा, क्रिस्तियानो रोनाल्डो, युनायटेडचा झाला. त्याला त्या रात्री शेवटची पाच मिनिटं दिली असती तर?

शेवटी पाच-सहा नवखे एकदम आत सोडतात तेव्हा त्यांना पास द्यायला अनुभवी पाय उरलेले नसतात आणि खेळ विस्कटतो. मग "अजून तयार नाहीत" असा शिक्का बसतो. एक-दोन नव्या मुलांना सुरुवातीपासून मुख्य संघात खेळवा, शेजारी जुना, बोलका खेळाडू द्या आणि निदान अर्धा तास तरी काढू नका. मुलांनाही एक सांगणं: दुखत असेल तर लपवू नका, आणि छाप पाडण्यासाठी प्रत्येक चेंडूवर तिघांना चकवायला जाऊ नका. प्रशिक्षक बहुतेक वेळा चेंडू गेल्यावर तुम्ही काय करता ते बघत असतो.

शेवटचा सामना चुकीच्या दिवशी, चुकीच्या मैदानावर

शेवटचा सराव सामना ही नाटकाची रंगीत तालीम समजा. लीगचा सामना दुपारच्या उन्हात असेल तर हाही दुपारीच. लीग टर्फवर (कृत्रिम गवतावर) असेल तर मातीच्या मैदानावर खेळून उपयोग नाही, चेंडूची उसळी आणि पायाची पकड दोन्ही बदलतात. नवे बूट या सामन्याच्या निदान दोन आठवडे आधी सरावात वापरायला काढा. पेनल्टी कोण मारणार, कर्णधार बाहेर गेला तर पट्टा कुणाला, दहा जण उरले तर मांडणी कशी, हे सगळं इथे एकदा करून बघा.

हा सामना लीगच्या सहा-सात दिवस आधी ठेवा, दोन दिवस आधी नको. दुसऱ्या दिवशी हलका सराव, तिसऱ्या दिवशी चित्रण दाखवून फक्त दोन दुरुस्त्या. हरला असाल तरी या आठवड्यात मांडणी बदलू नका. कॉर्नरचं मार्किंग सुधारायला एक सत्र पुरतं, नवी पद्धत मुरायला मात्र महिना लागतो.