कावळ्यांच्या कुळाची नोंद आणि राखण: ओळखीपासून उपायापर्यंत

कावळ्याच्या कुळात जगभर मिळून सुमारे १३० जाती आहेत. कावळे, रेव्हन, रूक, जॅकडॉ तर आहेतच, पण टकाचोर, मॅगपाय, जे, नटक्रॅकर आणि चफ हेही त्याच घरातले. यातल्या काही जाती माणसाच्या उकिरड्यावर पोसून इतक्या वाढल्या की त्यांना आवरावं लागतं. काही एखाद्या बेटावर किंवा एखाद्या पट्ट्यात कशाबशा तग धरून आहेत. ‘कावळ्यांसाठी काहीतरी करू या’ म्हणून हाती घेतलेलं काम फसतं ते इथेच, कारण एका जातीला तारणारा उपाय दुसरीच्या मुळावर येतो. म्हणून आधी जात, मग संख्या, मग कारण आणि शेवटी उपाय, हा क्रम मोडू नका.

जात ओळखताना

दुर्बीण लावली की आधी चोचीचं मूळ बघा. या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांच्या नाकपुड्या पुढे वळलेल्या राठ, केसासारख्या पिसांनी झाकलेल्या असतात. नर कोकीळ लांबून कावळ्यासारखाच काळा दिसतो, पण त्याची चोच फिकट हिरवी, डोळा लालभडक आणि नाकपुडी उघडी असते. कोतवाल काळा असला तरी शेपटी दुभंगलेली, आणि तो या कुळातला नाहीच. ऑस्ट्रेलियन मॅगपायही नावापुरताच मॅगपाय आहे. नाकपुडीच्या खुणेला दोन अपवाद लक्षात ठेवा: पिनयन जेची नाकपुडी जन्मभर उघडी असते, आणि रूकची पिसं वयात आल्यावर झडून चोचीभोवती पांढुरकी उघडी कातडी दिसते. रूकच्या पहिल्या वर्षात मात्र तोंड पिसांनी भरलेलं असतं, त्यामुळे हिवाळ्यात कोवळे रूक कॅरियन कावळे (युरोपातली सर्वांगी काळी जात) म्हणून हमखास नोंदवले जातात.

त्यानंतर शेपटी. उडताना पसरलेली शेपटी पाचरीसारखी टोकदार असेल तर रेव्हन, पंख्यासारखी गोलसर असेल तर कावळा. नुसत्या आकारमानावर विसंबू नका. मोकळ्या आकाशात तुलनेला काही नसलं की अनुभवी डोळाही चुकतो. गाव कावळ्याची मान, पाठीचा वरचा भाग आणि छाती राखाडी, कपाळ आणि गळा काळा. डोमकावळा सगळा काळा, चोच जाड आणि वरून कमानदार. जॅकडॉ लहानखुरा, डोळा फिकट, जवळजवळ पांढरा. चफची चोच बारीक आणि बाकदार. ती लाल की पिवळी, यावर जात ठरते.

वय शक्य असेल तर जरूर लिहा, कारण पिल्लांचं प्रमाण समजल्याशिवाय संख्या वाढतेय की म्हातारी होतेय हे कळत नाही. कोवळ्या कावळ्याच्या तोंडाचा आतला भाग गुलाबी-लाल असतो, डोळे निळसर-राखाडी असतात, आणि पुढच्या वसंतापर्यंत पंखांची पिसं तपकिरी, विटकी दिसू लागतात. पक्षी ओरडताना फोटो काढला तर तोंडाचा रंग आयताच मिळतो.

शंका असेल तर ‘कावळा, जात अनिश्चित’ असंच लिहा. कॅरियन आणि राखाडी अंगाच्या हुडेड कावळ्यांच्या प्रदेशांच्या सीमेवर संकर होतात, तिथे जबरदस्तीने एक नाव चिकटवलं तर नोंद खराब होते. आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण आणि चोच-शेपटी दिसेल असा बाजूचा एक फोटो ठेवा. इंडोनेशियातला बांगाई कावळा शंभराहून जास्त वर्षं १९व्या शतकातल्या दोनच नमुन्यांवरून माहीत होता. २००७ साली तो पेलेंग बेटावर पुन्हा सापडला, आणि जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावरच खात्री पटली. त्याच बेटावर दुसरा काळा कावळाही राहतो, त्यामुळे ‘काळा कावळा दिसला’ एवढ्या नोंदीचा काही उपयोग झाला नसता.

रातथाऱ्यावरची गणती

कावळे संध्याकाळी रात्र काढायला ठरावीक झाडांवर एकत्र येतात (हाच रातथारा), आणि तीच त्यांना मोजायची सगळ्यात चांगली वेळ. आदल्या दिवशी जाऊन थवे कोणकोणत्या दिशांनी येतात ते बघून घ्या. प्रत्येक दिशेला एक माणूस. प्रत्येकाने समोरचे दोन पक्के खांब किंवा झाडं धरावीत आणि त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडून आत जाणारे पक्षीच मोजावेत. बाहेर परतणारे वेगळ्या रकान्यात लिहून वजा करा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी सुरू करा, दर पाच मिनिटांचा आकडा लिहा आणि काही दिसेनासं होईपर्यंत थांबा. अंधार पडला म्हणून दहा मिनिटं आधी निघालात तर सगळ्यात मोठे थवे हुकतील, कारण बरेच पक्षी अगदी शेवटी येतात.

मोठ्या थव्यात एकेक मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, तेवढा घास डोळ्यात बसवा आणि तो उरलेल्या थव्यावर पुढे पुढे सरकवा. दाट थव्यात डोळ्याचा अंदाज बहुधा कमीच पडतो. म्हणून दर संध्याकाळी दोन-तीन थव्यांचे फोटो काढा आणि घरी बसून ठिपके मोजा. डोळ्याने २०० म्हटलेले फोटोत २६० निघाले, तर तुमचा गुणक १.३. हा गुणक माणसागणिक वेगळा असतो, दुसऱ्याचा वापरू नका.

चुका होतात त्या साधारण दोन ठिकाणी. कावळे रातथाऱ्याला जाण्याआधी जवळच्या मैदानावर किंवा छपरांवर जमतात. ती जागाच रातथारा समजून मोजली की आकडा अर्धवट राहतो. दुसरं म्हणजे फटाका, ससाणा किंवा मोठा आवाज यामुळे सगळा थवा उठला की परत बसणारे पुन्हा मोजले जातात. असं झालं तर तो पाच मिनिटांचा रकाना खोडा आणि शेरा लिहा. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजून मधला आकडा धरा. वर्षावर्षांची तुलना त्याच महिन्यातली हवी; विणीच्या काळात बऱ्याच जोड्या घरट्याजवळच झोपतात, तेव्हा रातथारा रोडावतो आणि लोक उगाच घाबरतात.

टकाचोर, जे, मॅगपाय असे विखुरलेले पक्षी सहसा रातथाऱ्यावर सापडत नाहीत. त्यांच्यासाठी एकमेकांपासून किमान ३०० मीटर अंतरावर थांबे ठरवा, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तीन तासांत प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं उभे राहा, दिसलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा. कचराडेपोवरची संख्या नेहमी स्वतंत्र ठेवा, नाहीतर एका ढिगामुळे सगळ्या परिसराची सरासरी फुगते.

नोंदी ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्टवर टाकता येतात. दुर्मिळ जातीच्या घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही उघड करू नका. पिंजऱ्याचा धंदा करणारेही तीच संकेतस्थळं वाचतात.

घरटं आणि पिल्लू

घरट्याच्या झाडावर चढू नका. लांबून दुर्बिणीने आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरतं. बहुतेक कावळ्यांमध्ये अंडी उबवायला १६ ते २० दिवस आणि पिल्लू घरट्याबाहेर यायला साधारण चार-पाच आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याची एक फेरी चुकली तरी टप्पा कळतो. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी मुखवटा घालून कावळे पकडले होते. तो मुखवटा पुढे कित्येक वर्षं दिसला की कावळे ओरडत अंगावर यायचे. यातला व्यवहार असा: पक्षी पकडून त्याच्या पायात ओळखीचं वाळं चढवणारा माणूस आणि रोज निरीक्षण करणारा माणूस वेगळे ठेवा. एकच असेल तर त्याच्या नोंदीत प्रत्येक कावळा ‘चिडलेला’च भरतो.

जमिनीवर पिल्लू दिसलं की बहुतेक लोक ते उचलून घरी नेतात, आणि बहुतेक वेळा ती पळवापळवीच असते. पिसं भरलेलं, पायावर उभं राहणारं पण नीट न उडणारं पिल्लू घरटं सोडून नुकतंच बाहेर पडलेलं असतं. आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात. २५-३० मीटर मागे हटून दीड-दोन तास बघा. कुत्रा, मांजर किंवा रस्ता यांचा धोका असेल तर जवळच्या फांदीवर, दोन-तीन मीटर उंचीवर ठेवा. डोक्यावर टोपी किंवा छत्री घ्या, मोठे पक्षी झडप घालतील. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात, हा निव्वळ गैरसमज.

उघडं, बिनपिसांचं, रक्ताळलेलं, पंख लोंबणारं किंवा मांजरीच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू मात्र लगेच पशुवैद्याकडे किंवा परवानाधारक बचाव केंद्राकडे न्या. मांजरीच्या दाताचं छिद्र बारीक असलं तरी त्यातून होणारा जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत मारतो. नेईपर्यंत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध, दूधपाव नको. नुसत्या मांसावर किंवा पावावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं, हाडं वाकतात आणि पिसं ठिसूळ होतात. एकटं, माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू स्वजातीला ओळखतही नाही. असा पक्षी सोडला तर माणसांकडेच येतो आणि मार खातो.

नायलॉनचा दोरा, सुतळीचे धागे, प्लास्टिकच्या पट्ट्या कावळे घरट्यात नेतात आणि पिल्लांचे पाय त्यात आवळून जातात. परिसरातून हे उचलणं कंटाळवाणं काम आहे, पण त्याचा फायदा कुठलाही फलक लावण्यापेक्षा जास्त.

एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर

हात लावू नका. कावळे बर्ड फ्लू आणि वेस्ट नाइल विषाणूला लवकर बळी पडतात. १९९९ साली वेस्ट नाइल न्यूयॉर्कमध्ये पोहोचला तेव्हा अमेरिकन कावळ्यांचे मृत्यू हाच ठळक इशारा होता, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या पिवळ्या चोचीच्या मॅगपायचीही त्याने मोठी हानी केली. फोटो, जागा, वेळ, संख्या टिपून पशुवैद्यकीय विभागाला कळवा. विषबाधेचा संशय असेल तर शेजारी पडलेलं खाद्य, आमिष, उलटी यांचेही फोटो घ्या. शव तपासणीला द्यायला सांगितलं तरच हातमोजे घालून दुहेरी पिशवीत भरा आणि ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवा. बर्फात गोठवलं की पेशी फुटतात आणि तपासनीसाला ऊतींमधलं बरंचसं दिसत नाही.

कारण शोधून उपाय

इथे घाई अंगाशी येते. फ्लोरिडा स्क्रब-जे १९८७ पासून ‘धोक्यात’ म्हणून संरक्षित आहे. तो खुज्या ओकच्या झुडपांत राहतो, वर्षाला सहा ते आठ हजार ओकफळं उघड्या वाळूत पुरतो. त्या अधिवासाला अधूनमधून वणवा लागतो. आग थांबवली की झुडपं वाढतात, वाळू झाकली जाते, ससाणे लपायला जागा मिळते आणि जे निघून जातो. तिथे झाडं लावणं म्हणजे त्याला हुसकावणं. योग्य उपाय म्हणजे तुकड्यातुकड्याने नियंत्रित जाळणं, सगळं क्षेत्र एकाच वर्षी न पेटवता.

लाल चोचीच्या चफचं उलटं वाटावं असं गणित आहे. त्याला गुरांनी चरून खुरटलेलं गवत लागतं, कारण तो चोच खुपसून मातीतले किडे काढतो. कुरण ‘वाचवायचं’ म्हणून चराई बंद केली की गवत उंच होतं आणि चफ उपाशी राहतो. गुरांना दिलेली काही जंतनाशकं शेणात उतरतात आणि शेणकिडे कमी करतात. म्हणून औषधाची निवड आणि वेळ गुराख्यांशी बोलून ठरवावी लागते. कॉर्नवॉलमध्ये नाहीसा झालेला चफ २००१ साली आपणहून परतला, आणि टिकला तो अशा चरलेल्या किनाऱ्यांवर.

क्लार्कचा नटक्रॅकर व्हाइटबार्क पाइनच्या बिया जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरतो, आणि विसरलेल्या बियांतूनच ते झाड उगवतं. बुरशीजन्य रोगाने पाइन मरतात तेव्हा पक्ष्याला खाद्य घालून भागत नाही. रोगप्रतिकारक रोपं लावणं हाच पक्ष्याचा उपाय.

बेटांवर बहुतेकदा बाहेरून आलेले शिकारी जबाबदार असतात. ग्वाममधून मारियाना कावळा तपकिरी वृक्षसर्पाने संपवला. हवाईचा अलाला हा कावळा २००२ नंतर मोकळ्या रानात उरला नाही. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी २०१६ ते २०१९ मध्ये सोडले, पण तिथल्या इओ या शिकारी पक्ष्याने त्यातले बरेच मारले आणि उरलेले २०२० मध्ये परत पकडावे लागले. सोडण्याआधी शिकाऱ्याची ओळख शिकवूनही असं झालं. त्यानंतर २०२४ साली पाच पक्षी इओ वस्तीला नसलेल्या माउई बेटावर सोडले. पक्षी सोडण्याआधी जागेतला शिकारी कोण, हे तपासणं हा कागदी सोपस्कार नव्हे.

जावाचा हिरवा मॅगपाय पिंजऱ्याच्या बाजारामुळे अतिसंकटात आहे. त्याचा हिरवा रंग किड्यांतून मिळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यावर उभा असतो, म्हणून निकृष्ट आहारावर तो निळा पडतो. बाजारात असा निळसर पक्षी दिसला तर दया येऊन विकत घेऊ नका, त्या पैशातून पुढचा पकडला जातो. फोटो आणि जागा वनखात्याला द्या.

आणि जिथे जातच उपरी आहे तिथे राखण नको, आवर हवा. गाव कावळा जहाजांवर बसून दूरदूर पोहोचतो. नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंड बंदरात १९९४ साली दोन पक्षी दिसले, नंतर ते वीण करू लागले आणि अखेर त्यांना हटवण्याचा निर्णय घ्यावा लागला. पूर्व आफ्रिकेत ते आता स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करतात. पकडणं आणि विष घालणं सुरू करण्याआधी झाकणाचे डबे, रोजची कचरा उचल आणि कत्तलखान्याची मोकळी घाण बंद करा. अन्न तसंच राहिलं तर रिकामी झालेली जागा पुढच्या विणीत भरते. नव्या बंदरात एक-दोनच पक्षी दिसले तर त्याच आठवड्यात कळवा. दोन पक्षी हटवणं आणि दोन हजार हटवणं यांच्या खर्चात फार अंतर आहे.