दाराखालून पाणी येतंय? सिलिकॉन आणायच्या आधी बादली घ्या

आमचं घर औशात, दार पश्चिमेला. पावसाळ्यात वाराही तिकडूनच, त्यामुळे झड थेट कवाडावर बसते. तीन पावसाळे मी उंबऱ्याला पोती लावून काढले आणि तिन्ही वेळा चौकटीच्या कडेनं आतून सिलिकॉन भरलं. पाणी थांबलं नाही, उलट चौकटीचा खूर कुजला. आतून फट बुजवली की बाहेरून शिरलेलं पाणी लाकडातच मुरतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधा. कोरड्या दिवशी एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेर पाणी टाकायचं. सुरुवात खालून करा. आधी फक्त ओट्यावर बादलीभर ओता आणि दहा मिनिटं थांबा. मग कवाडाचा तळ, मग चौकटीच्या कडा, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

आमच्याकडे पहिल्याच बादलीला पाणी वळून उंबऱ्याशी आलं. पाया खणताना भिंतीलगत भरलेली माती दबली होती आणि ओटा घराकडे कलला होता. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा ओटा वर्षानुवर्षं जागेवर राहील असं धरू नका. फरशीवर गोटी ठेवा, ती दाराकडे घरंगळली तर दुखणं तिथंच आहे. शहाबादी काढून, खालचा भराव ठोकून, मीटरला दोन सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन आम्ही ती पुन्हा बसवली. ओटा उंबऱ्यापेक्षा चार बोटं तरी खाली हवा. खर्चाचं काम खरं, पण निम्मं पाणी इथंच थांबलं.

उरलेलं वरून येत होतं. पाऊस चालू असताना छज्ज्याच्या खाली उभं राहून वर बघा. थेंब कडेवरून खाली पडायच्या ऐवजी छज्ज्याच्या पोटाला चिकटून आत सरकतो, भिंत गाठतो आणि तिथून चौकटीच्या माथ्यावर उतरतो. कडेपासून इंचभर आत, खालच्या अंगाला बोटभर रुंद खाच पाडून घेतली की थेंब तिथंच तुटतो. ही खाच भिंतीला भिडवू नका, थोडी अलीकडे थांबवा.

चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत सिमेंट टिकत नाही, कारण लाकूड फुगतं-आकसतं. जुनं खरवडा, धूळ झाडा, पूर्ण वाळू द्या आणि रंग बसणारं सीलंट बाहेरून भरा, माथ्याला आणि दोन्ही कडांना. ओल्या किंवा धुळकट जागेवर ते धरत नाही. अगदी खालची टोकं मोकळी सोडा, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी बाहेर पडेल.

आता एक आरसा घ्या आणि कवाडाखाली सरकवा. आमच्या कवाडाला पुढून-मागून ऑइल पेंटचे दोन हात होते, तळाला मात्र एक थेंब नाही. उभ्या फळ्यांची टोकं तिथं उघडी असतात आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांतूनच पितं. मे महिन्यात कवाड उतरवून तळाला रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल पाजलं, ते पूर्ण वाळल्यावर रंग दिला. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून उन्हात वाळवा. बाहेरून तळाशी तिरपी लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे कवाडावरून ओघळणारं पाणी उंबऱ्याच्या पुढं पडतं.

पावसात कवाड अडकतं म्हणून लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात तिथंच फट पडते. हे सगळं मृगाच्या आधी उरकायला हवं.

यंदा उजव्या कडेचं वीतभर सीलंट सुटलेलं दिसलं. तेवढंच खरवडून पुन्हा भरलंय.