झेडपीला उभं राहायचं ठरलंय, तर

झेडपी लढवायची म्हणून सल्ला मागायला कुणी आलं की मी आधी एकच विचारतो, मतदार यादीत तुमचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक किती? बहुतेकांना येत नाही. मग मोबाइल निघतो, पुतण्याला फोन जातो. ज्याला स्वतःचं नाव यादीत सापडत नाही, त्याला गटातल्या, म्हणजे झेडपीच्या मतदारसंघातल्या, हजारो लोकांची नावं सापडायला किती दिवस लागतील याचा हिशोब मी मनातल्या मनात करून टाकतो. 2002 पासूनच्या निवडणुकांत मी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसून अर्ज भरलेत. निवडून आलेल्यांचेही आणि पडलेल्यांचेही. त्यामुळे पुढची कामांची यादी भाषणं ठोकण्याची नाही, पिशवी भरण्याची आहे.

चहाच्या टपरीवर झेडपीतून वर गेलेल्या नेत्यांचे दाखले नेहमीचेच निघतात. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य होते. गोपीनाथ मुंडे 1978 साली बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि 1980 साली आमदार झाले. आर. आर. पाटील, म्हणजे आबांचं नाव तर हमखास निघतं. पण आबा 1979 ते 1990 अशी अकरा वर्षं सांगली जिल्हा परिषदेत होते, हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. झेडपी म्हणजे आमदारकीची पहिली पायरी असं मानून आलेल्याला गटातली म्हातारी माणसं पहिल्या भेटीतच ओळखतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गट पायाखाली घालणं. कायद्याने जिल्हा परिषदेत कमीत कमी 50 आणि जास्तीत जास्त 75 सदस्य निवडून द्यायचे असतात, आणि प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिचे मतदारसंघ. त्यामुळे गटाचा आकार जिल्ह्याजिल्ह्यात फार बदलतो. 2011 च्या जनगणनेवर सिंधुदुर्गात एका गटात पंधरा हजारांच्या आसपास लोकसंख्या येते, तर कोल्हापुरात चाळीस हजारांच्या घरात. सिंधुदुर्गात माणसं कमी, पण वाड्या डोंगरभर पसरलेल्या. त्यामुळे पेट्रोल कुठे जास्त जळेल हे नुसत्या लोकसंख्येवरून सांगता येत नाही. एक शंभरपानी वही घ्या आणि गावागणिक दोन पानं सोडा. मतदान केंद्रं किती, भावक्या किती, पीककर्जाची सोसायटी कुणाच्या ताब्यात, दूध कुठल्या डेअरीला जातं, मागच्या ग्रामपंचायतीला पॅनेल कुणाचं पडलं आणि पडलेला आता कुणावर रुसलाय. हे सगळं हाताने लिहा. एक्सेलमध्ये भरून दिलेली माहिती उमेदवाराच्या डोक्यात शिरत नाही, हा माझा अनुभव आहे. तुमचा वेगळा असेल तर उत्तमच.

गटरचनेचा मसुदा जिल्हाधिकारी प्रसिद्ध करतात आणि हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत लग्नसराई असो की सुगी, मसुदा मागवून एकेक गावाचं नाव बोटाने तपासायचं. 2007 साली मी एका उमेदवाराच्या अर्जावर सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार, म्हणून त्याच्या सख्ख्या मेव्हण्याची सही घेतली. छाननीच्या टेबलावर कळलं की मेव्हण्याची वाडी नव्या रचनेत शेजारच्या गटात गेली आहे. उमेदवाराचं नाव जिल्ह्यातल्या कुठल्याही गटाच्या यादीत असलं तरी चालतं, सूचक मात्र त्याच गटाचा लागतो. आमचा दुसरा अर्ज वेगळ्या सूचकाचा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी एका अर्जावर कुणालाच कचेरीत पाठवत नाही.

आता आरक्षण. सोडत निघेपर्यंत गट तुमचा नाही, आणि निघाल्यावरही तो आरक्षण पुन्हा फिरेपर्यंतच. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येवर ठरतात, आणि ओबीसी आरक्षण 2021 पासून कोर्टात कसं अडकलं ते आपण पाहिलंच. 2017 साली निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक येऊन बसले. त्या वर्षी तयारी करून बसलेल्यांचे फ्लेक्स उन्हात विटून गेले, कित्येकांनी पोरांची लग्नं लांबवली होती ती उरकून घेतली. म्हणून सोडतीआधीच शेजारच्या एका गटात दहा घरांत जाणं-येणं ठेवा. आणि महिला राखीव निघालं तर काय, याचा निर्णय घरात आधीच करा. बायकोला किंवा सुनेला उभं करणार असाल तर पहिल्या दिवसापासून माइक तिच्याच हातात द्या. बॅनरवर तुमचा फोटो हातभर आणि तिचा तळहाताएवढा, वर ‘सौ.’ एवढीच तिची ओळख, हे बायका बघतात आणि लक्षात ठेवतात. मी पाहिलेल्या बऱ्याच गटांत बाईच नवऱ्यापेक्षा चांगली उमेदवार निघाली, पण हे नवऱ्याला निकालानंतर कळलं.

कागदांना मात्र वेळ द्या, कारण विरोधक तुम्हाला मतमोजणीला पाडतो आणि कागद छाननीलाच पाडतो. वय 21 पूर्ण हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य असेल तर विषय संपला. मूल दत्तक दिलंय म्हणून सांगत येणारे अजून भेटतात. ओडिशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ही पळवाट बंद केली आहे. जिल्हा परिषदेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर अपात्रता येते, तेव्हा भावाच्या नावावर असलेलं रस्त्याचं काम किंवा शाळाखोलीचं बांधकाम आजच वकिलाला दाखवा. घरपट्टी, पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि तो ग्रामसेवक रजेवर जायच्या आत घ्या. विरोधी पॅनेलचा सरपंच असेल तर निवडणुकीच्या तोंडावर ग्रामसेवक नेमका कसा आजारी पडतो, हा संशोधनाचा विषय आहे. शौचालय वापराचा कागद लागतो. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण हे सगळं भरायचं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. सोसायटीचं पीककर्ज लोक विसरतात. आंदोलनातला गुन्हा तर हमखास विसरतात, कारण त्यांच्या लेखी तो गुन्हा नसतोच.

राखीव जागेवर लढणार असाल तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागतं. हातात नसेल तर निदान पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पोच आणि ठरलेल्या मुदतीत वैधता आणून देण्याचं हमीपत्र. मुदतीत वैधता आली नाही तर जिंकलेली जागा जाते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना महसुली उतारा, वंशावळ हे गोळा करायला महिने जातात, त्यातही आजोबांच्या शाळेचं दप्तर वाळवीने खाल्लेलं निघालं तर अजून जास्त. नावाचंही बघा. आधारवर ‘बाळासाहेब’, यादीत ‘बाळू’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळकृष्ण’ असेल तर दुरुस्ती आज सुरू करा.

यादीकडे परत येतो, कारण माझ्या मते निम्मी निवडणूक तिथेच आहे. जिल्हा परिषदेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी गट-गणांत फोडली जाते, ती ठरलेल्या एका तारखेची. त्या तारखेनंतर नाव घालता येत नाही, म्हणून अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे आणि लग्न होऊन आलेल्या सुनांचे ‘नमुना 6’ हे नावनोंदणीचे अर्ज वर्षभर आधी भरून घ्यायचे. फोडलेली यादी आली की तुमची वस्ती चुकून दुसऱ्या गणात गेली नाही ना ते तपासून मुदतीत हरकत घ्यायची. मग प्रत्येक केंद्राला एक यादीवाला नेमा. तो भाषण करणारा नको, गावात कोण कुणाच्या घरी दत्तक आहे हे तोंडपाठ असणारा हवा. त्याने चार रंगांची पेनं घेऊन खुणा करायच्या: मयत, दुबार, बाहेरगावी आणि नांदायला गेलेल्या.

बाहेरगावी असलेल्यांचा विषय महाराष्ट्रात फार मोठा आहे. 2017 ची निवडणूक फेब्रुवारीत झाली, 16 आणि 21 तारखेला. फेब्रुवारीत बीडच्या कितीतरी गावांतली घरं कुलूपबंद असतात, कारण माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. कोकणात याद्यांमधली बरीच तरुण नावं मुंबई-ठाण्याला. ही माणसं मतदानाच्या आदल्या रात्री फोन केला म्हणून येत नाहीत. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम कोण, कारखाना कुठला, गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष कोण, याची नोंद वहीत दिवाळीतच हवी. आणि भेटायला जायचं तर तिकडे जायचं. फडावर जाऊन ऊसतोड्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चहा पिऊन आलेला उमेदवार मी एकच पाहिला, त्याला त्या तांड्यावरून झाडून मतं पडली. त्यांना गाड्या पुरवू नका, तो गुन्हा आहे. घरी कधी यायचंय तेवढं आधी कळवा.

पक्षाचं तिकीट हा देवाचा विषय आहे, त्यावर मी बोलत नाही. एवढंच, की एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचा पक्षाचा कागद, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचावा लागतो, नेत्याच्या गाडीत असून उपयोग नाही. मिळालाच नाही तर अपक्ष लढणार की माघार घेणार, हे आदल्या रात्री घरच्यांसमोर ठरवा, कचेरीबाहेरच्या गर्दीत नको. तिथे लोक खांद्यावर उचलतात आणि माणूस हो म्हणून बसतो. गणांचे दोन उमेदवार मात्र नीट निवडा. ते तुमच्या गावचे नकोत, तुमच्या भावकीचे तर मुळीच नकोत. गटाच्या ज्या टोकाला तुमचा पाहुणा नाही तिथला एक तरी हवा. मतदार एकाच वेळी दोन मतं देतो, एक गटाला आणि एक गणाला. गणाचा उमेदवार आतून समोरच्याशी जुळवून घेत असेल तर ‘खाली आपलं, वर कुणालाही’ असा निरोप फिरतो आणि तुम्हाला तो मोजणीच्या टेबलावर कळतो.

पैशाचं थोडक्यात. खर्चाची मर्यादा जिल्हा परिषदेच्या जागांवर ठरते, चालू आकडा आयोगाच्या आदेशात बघा. बँकेत फक्त निवडणुकीसाठी नवं खातं उघडा आणि हिशोब रोजच्या रोज लिहा, त्यासाठी एखादा निवृत्त गुरुजी धरा. निकालापासून 30 दिवसांत हिशोब दिला नाही तर अपात्र ठरवलं जातं. पडलेले उमेदवार तो द्यायचा विसरतात आणि पुढच्या वेळी त्यांचंच नाव अपात्रांच्या यादीत लागलेलं असतं. रात्रीच्या पाकिटांबद्दल आणि जेवणावळींबद्दल विचाराल तर मी त्या वाटेने कुणाला नेत नाही. ढाब्यावर जेवून समोरच्याला मत देणारी गावं मला नावानिशी माहीत आहेत.

बोलायचं काय, याची तयारी फार कमी लोक करतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीकडे, प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे. त्या मोठ्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं वचन देऊन पाच वर्षं शिव्या खाल्लेले सदस्य आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 80 टक्के ग्रामपंचायतींना आणि झेडपीला फक्त 10 टक्के असं वाटप ठरलं होतं, म्हणून गावागावांत सभामंडप कबूल करत सुटू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर थांबतात का, शाळेच्या कुठल्या खोलीत पाणी गळतं, अंगणवाडीला भाडं कोण भरतं, गुरांच्या दवाखान्याला कुलूप का, हे मात्र तुमच्या हातातलं आहे. कोपरा सभेत त्या खोलीचा नंबर सांगता आला तर पुढची दहा मिनिटं लोक उठत नाहीत.

मतदानाच्या आठवड्यात नवीन काही करू नका. चिठ्ठ्या वाटा, दोन बटणं दाबायची आहेत हे म्हाताऱ्या माणसांना नमुना दाखवून समजवा. एक मत दिलं आणि निघाली, अशी आजी प्रत्येक केंद्रावर असते. केंद्रावरचे प्रतिनिधी आदल्या रात्री जेवूनच झोपलेत ना, ते बघा.

मोजणीच्या दिवशी पिशवीत प्रत्येक केंद्राच्या झालेल्या मतदानाचे आकडे ठेवा, टेबलावर ताळा करायला. समान मतं पडली तर चिठ्ठी काढतात, तेव्हा घरून निघताना देवाला हात जोडले तरी मी हसणार नाही. जिंकलात तर गुलाल अंगावर असतानाच कुणीतरी गाडीत बसवून ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ म्हणेल. अध्यक्ष सदस्यांतूनच निवडायचा असतो, अडीच वर्षांसाठी, आणि आकडा काठावर असला की सदस्य फुटू नयेत म्हणून सहली निघतात. पक्षाच्या चिन्हावर आला असाल तर व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडल्यावर सदस्यत्व जाऊ शकतं, तेव्हा गाडी कुणाची आहे ते बघून बसा. बीपीच्या गोळ्या, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे त्या पिशवीत आधीच टाकून ठेवा. घरी सांगायला वेळ मिळत नाही.