सांध्यांची लाकडी बाहुली: आधी भोक, मग कोरीवकाम

पात्राच्या पोझ तपासायला बाहुली हवी असेल तर पुढून आणि बाजूने असे दोन आराखडे खऱ्या मापात काढा. उंची 24 सेंमी धरली, तर 8 डोक्यांच्या मापात (म्हणजे उंची डोक्याच्या 8 पट) डोके 3 सेंमी, गुबगुबीत पोरासाठी 4 डोक्यांच्या मापात 6 सेंमी. पात्राचा स्वभाव निम्मा इथेच ठरतो. बाजारातली तयार बाहुली म्हणूनच फारशी कामाची नाही.

लाकूड शिवण किंवा पांगारा. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याचीच असत. लाकडाच्या रेषा हातापायांच्या लांबीतच ठेवा, आडव्या आल्या की घोटा मोडलाच समजा.

इलॅस्टिक ओवायची भोके तुकडा चौकोनी असतानाच पाडा. गोलाई दिल्यावर ड्रिल हमखास सरकते आणि पाय तिरका बसतो. भोक 4 मिमी, गोल इलॅस्टिक 2 मिमी. कोपर-गुडघ्यात 12 मिमीचा लाकडी मणी घाला. सांध्यातल्या दोन्ही तुकड्यांच्या टोकांना वाटीसारखे खळगे कोरा आणि त्या वाट्यांत मण्याचा एकेक तृतीयांशच भाग बसवा. वाटी खोल झाली तर कडा एकमेकींना अडतात आणि सांधा वाकत नाही. भोकाच्या कडा गोल घासा, नाहीतर इलॅस्टिक कापले जाते.

हात आणि पाय वेगळ्या इलॅस्टिकवर ओवा. पायांना भार पेलायचा असतो, तिथे ताण जास्त, साधारण दीडपट. पोझ टिकत नसेल तर आधी मणी पाहा: त्याला वार्निश लागले असेल तर तो घसरणारच. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून कोराच ठेवा.