जुनी फटफटी घेऊ का नवी गाडी? आधी मिस्त्री पाहा

सोयाबीनचे पैसे हातात पडले की आमच्याकडच्या पोट्ट्यांच्या डोक्यात गाडी शिरते, अन् मग कोणी ना कोणी मला इचारतोच, "भाऊ, जुनी यामाहा आरएक्स घेऊ का शोरूमची नवी?" मी गाडीचं काहीच बोलत नाही, उलट इचारतो, "तुह्या गावापासून मिस्त्री किती दूर हाय?"

कारण जुनी गाडी एकटी घेता येत नाही, मिस्त्रीसकट घ्यावी लागते. आरएक्स 100 निघाली 1985 ला अन् बंद झाली 1996 ला, येझदीचा म्हैसूरचा कारखाना पण 1996 लाच बंद पडला, म्हणजे त्यातली सगळ्यात तरणी गाडी धरली तरी वय तिशीच्या घरात. सिगारेटच्या पाकिटातला कागद पॉइंटमध्ये धरून इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग लावणारे मिस्त्री आता साठीच्या पुढचे झाले, अन् त्यांची पोरं मोबाइल रिपेअरिंग करतात. तसा एक माणूस दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असेल तरच पुढचं वाचा, नाही तं सरळ शोरूमला जा.

आता पाहायला जायचं कसं ते सांगतो. सकाळी जा, फोन न करता जा, अन् पहिले इंजिनला हात लावा. गरम लागलं म्हणजे मालकानं आधीच चालू करून ठेवली, थंड गाडी लागते का ते मग कळत नाही. मी पहिली गाडी अशीच गरम घेतली होती, अन् मग पाहुण्यांना आणायला पहाटे चारला मूर्तिजापूर स्टेशनवर जायचं होतं तर अंगणात किका मारून मारून पाय सुजला, पाहुणे बिचारे ऑटो करून आले अन् आल्यावर मलाच इचारतात, "पायाले काय झालं?" थंड गाडी चार-पाच किकांत लागली तर ठीक. आरएक्स, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक, पेट्रोलासंग ऑइलही जाळतात, म्हणून सुरू होताना थोडा धूर देणारच, त्याला भिऊ नका, पण फोर-स्ट्रोक बुलेट गरम झाल्यावरही निळा धूर सोडत असेल तर ऑइल जळते, म्हणजे बोअर-पिस्टनचा खर्च धरून चाला. टाकीचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च आत मारा, गंज दिसतोच. आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गाड्या धुतात, म्हणून मडगार्डच्या खालून, स्पोकच्या मुळाशी बोट फिरवून पाहा, वरून कलर कितीही चकचकीत असू द्या. अन् चेसिस नंबरवर रॉकेलचा फडका मारून तो आरसी बुकाशी एक-एक आकडा जुळवा. इथं कंटाळा केला तर गाडी आयुष्यभर दुसऱ्याच्याच नावावर राहते.

कागदाचं अजून एक. विकणारे "विंटेज हाय" म्हणून लाखाच्या वर मागतात. 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांच्या वरची गाडी विंटेज, तिला व्हीए असलेला वेगळा नंबर भेटते, अन् ती रोज रस्त्यावर चालवताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल अन् दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. म्हणजे आरएक्स कायद्यानं नुसती जुनी गाडी. तिला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवा, ग्रीन टॅक्स भरा. आरसीची नोंद ऑनलाइन दिसतच नसेल तर ती गाडी सोडून द्या.

चालवायचा प्रकारही येगळा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला अन् ब्रेक डाव्या, येझदीची किक अन् गिअर एकच दांडा, राजदूतच्या पेट्रोलात ऑइल आपल्या हातानं मिसळायचं. समोर अचानक रानडुक्कर आलं की पाय सवयीचाच पेडल दाबतो, म्हणून पहिला महिनाभर रात्री काढूच नका.

नवी गाडी लय शहाणी असते असंही नाही बरं. 2020 पासूनच्या बहुतेक बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांमध्ये पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं इंजेक्शन आलं, ॲव्हरेज चांगला अन् थंडीत सेल्फवर एका झटक्यात चालू, 125 सीसीच्या वर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम न होऊ देणारी सोय, पण येते. पण सेन्सर गेला की गावचा मिस्त्री हात वर करतो, बिघाड शोधायचा स्कॅनर तालुक्याला. माझ्या भाच्याची नवी गाडी कापसाच्या गंजीजवळ उभी असायची, उंदरांनी वायरिंग कुरतडली अन् ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून न्यावी लागली. तरी घरात एकच गाडी असेल, तिच्यावरच वावरात फवारणीचा पंप जायचा, पोरगी कॉलेजला जायची, बुढ्याला रातबेराती दवाखान्यात न्यायचं, तर माझं मत नवीच. जुनी फक्त दुसरी गाडी म्हणून. पावसाळ्यात पांदणीत काळी माती मडगार्डात गच्च बसते तेव्हा दोन्ही सारख्याच अडतात, काडीनं उकरत बसा.

अन् एवढं वाचूनही मन जुनीवरच असेल तर घरी आणल्यावर नारळ मग फोडा. पहिले मिस्त्रीकडे नेऊन पेट्रोलचा पाइप, टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे रबर अन् प्लग नवीन टाका, कारण आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलात जुने रबर फुगतात, अन् आठ-दहा दिवस उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून गाडी चालूच ठेवा अन् कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळू द्या.