आरएनएच्या रचनांची तुलना: या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं हमखास विचारतात, "मॅडम, रचना दिसायला सारख्याच आहेत, मग अंतर एवढं कसं?" दोष बहुधा प्रोग्रॅमचा नसतो. माप चुकीचं निवडलेलं असतं.

हे बघा. आरएनए म्हणजे बेस नावाच्या घटकांची साखळी; तिच्यातले बेस एकमेकांशी जोडले जाऊन तिची घडी पडते, तीच तिची रचना. कंस म्हणजे जोडी, टिंब म्हणजे सुटा बेस.

((((....)))).
.((((....))))

चार जोड्यांचा तोच देठ, चार बेसचा तोच लूप, फक्त एक घर सरकलेला. बेस-पेअर अंतर, म्हणजे एकीत आहेत पण दुसरीत नाहीत अशा जोड्यांची संख्या, काढा: सामाईक जोडी एकही नाही, म्हणून 4 अधिक 4, म्हणजे 8. या दोघांत याहून मोठं अंतर येऊच शकत नाही! रचना झाडासारखी मांडून एकीची दुसरी करायला किती बदल लागतात ते मोजणाऱ्या ट्री-एडिट पद्धतीने मात्र शेवटचा सुटा बेस काढून सुरुवातीला घातला की काम झालं. चादरीवरची नक्षी एका धाग्याने सरकली, तर मागावरचा माणूस तिला दुसरी नक्षी म्हणेल का?

म्हणून एकाच सिक्वेन्सच्या (बेसच्या क्रमाच्या) दोन घड्या ताडून बघायच्या असतील तर बेस-पेअर अंतर चांगलं. दोन जीवांमधले आरएनए असतील तर ट्री-एडिट किंवा रचना धरून केलेलं अलाइनमेंट (दोन क्रम एकमेकांसमोर जुळवून मांडणं) वापरा. लांबी जुळावी म्हणून शेवटी टिंबं चिकटवणं तर अजिबात नको.

दुसरी चूक मला जास्त खटकते: आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅमने दिलेली किमान ऊर्जेची रचना खरी मानून पुढे जाणं. साधारण 76 बेसच्या टीआरएनएचीही (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) ओळखीची क्लोव्हरलीफ, म्हणजे तिपानी, आकृती कित्येकदा त्यातून येत नाही, कारण त्याच्या बेसवरचे रासायनिक बदल साध्या गणितात धरलेले नसतात. संशोधक मॅककॅस्किलने 1990 मध्ये सगळ्या शक्य घड्या धरून जोड्यांच्या संभाव्यता काढायची रीत दिली. त्या संभाव्यता काढा आणि त्यांचीच तुलना करा. तापमानही तपासा, काही न सांगितल्यास प्रोग्रॅम 37 अंश सेल्सिअस धरतो, आणि उष्ण झऱ्यातल्या जिवाणूला ते लागू नाही.

आधी सिक्वेन्स जुळवून मग रचना बघायची, हा क्रमही फसवतो. एका जीवात जी-सी (जी, सी, ए, यू ही बेसची अक्षरं) असलेली जोडी दुसऱ्यात ए-यू झाली, तर अक्षरं दोन्ही बदलली, पण जोडी टिकली. रचना टिकल्याचा खरा पुरावा तोच, आणि नुसत्या अक्षरांच्या अलाइनमेंटला तो फरक वाटतो. अलाइनमेंट आणि घडी एकत्र सोडवायची कल्पना संशोधक सँकॉफने 1985 मध्ये मांडली. मूळ रूपात ती फार वेळखाऊ आहे, म्हणून लोकार्नासारखी हलकी साधनं वापरा.

स्यूडोनॉट, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या जोड्यांची गाठ, असेल तर साध्या कंसांत तो मावत नाही. चौकोनी कंस लागतात, आणि ट्रीवर चालणारी बरीच साधनं ते धरत नाहीत. आधी माहितीपत्रक वाचा.

आणि नुसतं "अंतर 14 आलं" असं लिहू नका. तेच सिक्वेन्स शफल करून, म्हणजे अक्षरं पत्त्यांसारखी पिसून, पुन्हा पुन्हा मोजा. शफल करताना शेजारी-शेजारी येणाऱ्या अक्षरजोड्यांचं प्रमाण तेच राहू द्या, कारण घडीची ऊर्जा एकावर एक रचलेल्या जोड्यांवर ठरते. 14 त्या गर्दीत कुठे बसतं, ते रिपोर्टमध्ये लिहा.