चिनी औषधींच्या सामायिक कोशात नोंद कशी लिहावी

अनेकांनी मिळून लिहायच्या या विकीसारख्या कोशात पान उघडण्याआधी एक ठरवून घ्या: नोंद औषधद्रव्याची करायची, वनस्पतीची नाही. सिनॅमोमम कॅसिया या एकाच झाडाची कोवळी फांदी म्हणजे ग्वेइची आणि साल म्हणजे रोउग्वेइ. दोन्ही द्रव्ये वेगळी, म्हणून पानेही दोन. उलट ज्येष्ठमधाच्या तीन जाती चीनच्या सरकारी फार्माकोपियात (औषधद्रव्यांच्या अधिकृत ग्रंथात) एकाच द्रव्याखाली येतात; तिथे पान एकच. प्रत्येक पानाच्या माहितीचौकटीत चिनी लिपीतले नाव, स्वरचिन्हांसह पिनयिन (रोमन लिपीतला चिनी उच्चार), लॅटिन नाव आणि वापरायचा भाग हे चारही रकाने सक्तीचे ठेवा. एक जरी रिकामा असला तरी पान कच्च्या मसुद्यातच राहू द्या.

खरा धोका सारख्या नावांत असतो. फांगजी या नावाखाली स्टेफानिया टेट्रान्ड्रा आणि अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची या दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती विकल्या जात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात पहिलीच्या जागी दुसरी गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. दुसरीतले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला घातक आहे आणि कर्करोगकारकही. म्हणून 'फांगजी' हे पुनर्निर्देशन (थेट दुसऱ्या एकाच पानावर नेणारे नाव) कधीच करू नका. ते निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाची वेगवेगळी द्रव्ये दाखवणारे पान हवे आणि इशारा पहिल्याच ओळीत हवा. मुतोंग या द्रव्याचेही तसेच: अकेबिया, क्लेमॅटिस आणि अ‍ॅरिस्टोलोकिया मान्शुरिएन्सिस अशा तिघींना हे नाव चिकटले होते. चीनने यातली शेवटची २००३ मध्ये बंद केली, पण जुन्या ग्रंथांत आणि जुन्या याद्यांत ती अजून भेटते. कोशातून तिचे पान काढून टाकणे चूक. 'बंद' असा शिक्का मारून ठेवणे बरोबर.

मात्रेचा रकाना संस्काराशी, म्हणजे कच्च्या द्रव्यावर वापरण्याआधी केलेल्या प्रक्रियेशी बांधा. फूझी म्हणजे बचनागाच्या जातीतल्या वनस्पतीचा कंद. फार्माकोपियातली ३ ते १५ ग्रॅम ही मात्रा संस्कारित कंदाची आहे, आणि तोही इतर द्रव्यांच्या आधी बराच वेळ उकळायचा असतो. त्यातले अ‍ॅकोनिटिन हे विष उकळण्याने विघटित होऊन सौम्य होते. कमी उकळले तर विषबाधा होऊ शकते. त्यामुळे 'कच्चे की संस्कारित' निवडल्याशिवाय मात्रा भरताच येणार नाही असा साचा बनवा.

जुन्या मापांना तर हात लावताना दहादा विचार करावा. 'शांगहान लुन' या हान काळातल्या वैद्यकग्रंथातल्या ग्वेइची काढ्यात फांदी ३ ल्यांग (वजनाचे चिनी माप) आहे. हान काळातला ल्यांग काही अभ्यासक सुमारे १४, काही साडेपंधरा ग्रॅमचा धरतात. विसाव्या शतकातला १६ ल्यांगच्या चिनी शेराचा ल्यांग ३१.२५ ग्रॅम भरतो. शिवाय चीनमध्ये १९७९ पासून औषधांसाठी १ छ्येन (ल्यांगचा दहावा भाग) म्हणजे ३ ग्रॅम धरतात, म्हणजे दहा छ्येनचा ल्यांग झाला ३० ग्रॅम. साच्याला आपोआप ग्रॅम काढायला सांगितले की एकाच काढ्याच्या दोन पानांवर दुपटीचा फरक सहज पडतो. मूळ माप एका रकान्यात आणि ग्रॅम दुसऱ्यात लिहा. कोणत्या हिशोबाने काढले तेही शेजारीच नोंदवा.

पारंपरिक आणि सुलभ लिपीचे यंत्राने केलेले रूपांतर डोळे झाकून घेऊ नका. सुलभ लिपीत काही वेगवेगळी अक्षरे एकत्र झाली आहेत, त्यामुळे उलट फिरवताना भलतेच अक्षर येते. अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंना मात्र फारसा त्रास नाही: जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंना प्रमाण सांकेतांक दिले आहेत, तेच पानाची ओळख म्हणून वापरा.

मजकुरात 'परंपरा काय म्हणते' आणि 'चाचण्यांत काय दिसले' हे विभाग वेगळे ठेवा. एकाच परिच्छेदात मिसळले की परंपरेचा दावा सिद्ध झाल्यासारखा वाचला जातो. फार्माकोपियाचा संदर्भ देताना आवृत्तीचे वर्ष लिहायलाच हवे, कारण ती साधारण दर पाच वर्षांनी बदलते. प्राचीन मूळ ग्रंथांवर स्वामित्वहक्क नाही, त्यांच्या आधुनिक अनुवादांवर बहुधा असतो. उतारे तिथून उचलू नका.

विषारी द्रव्यांची पाने संरक्षित ठेवा. मात्रेतला प्रत्येक बदल आधी चर्चापानावर मांडावा आणि दुसऱ्या जाणत्या संपादकाने मूळ ग्रंथ उघडून ताडून पाहिल्यावरच तो पानावर चढवावा. संपादन सारांशात नुसते 'दुरुस्ती' लिहिलेले बदल सरळ परतवा.